धरा हे टोक

अकोल्यातल्या कुठल्याही घरातला दिवाण उघडून पाहा. जुन्या चादरींखाली अर्धी शिवलेली गोधडी निघेल, सुई तशीच टोचलेली. एकाच बाहीचं स्वेटर निघेल. रुखवतासाठी सुरू केलेलं आणि लग्न होऊन गेलं तरी न संपलेलं क्रोशाचं तोरण निघेल. गच्चीवर जा. कूलरच्या स्टँडच्या तीन पायांना रंग लागलेला असेल, चौथा गंजलेला. आणि ही कामं ज्यांच्या हातची राहिली, त्यांना घरातलं सहावीतलं पोरगंही ऐकवून जातं, की तुमचं एक काम धड पुरं होत नाही.

हे वाक्य खोटं आहे. घराघरांत रोज बोललं जातं म्हणून खरं होत नाही.

ज्या बाईची गोधडी राहिली, तिच्याच एप्रिलकडे बघा. पायलीभर गहू भिजत घातला. तीन दिवस रोज त्याचं पाणी बदललं. मग तो वाटला, चीक काढला, निवळू दिला. पहाटे उठून चीक शिजवला, गुठळी होऊ नये म्हणून हात दुखेस्तोवर घोटला आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून कुरडया पाडल्या. ऊन चढायच्या आत गच्चीवरचं कापड भरलं. चार दिवस चालणारं, मध्ये एकही पायरी चुकवता न येणारं काम. अर्धवट राहिलेली कुरडई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी नाही.

कारण चीक थांबत नाही. थांबला तर आंबतो. दूध उतू जातं, पोर रडतं, नळ येऊन जातो. घरातली कामं महत्त्वाप्रमाणे रांगेत लागत नाहीत. जे नासतं ते पुढं येतं, जे थांबू शकतं ते मागं जातं. गोधडी आंबत नाही, लोकर उतू जात नाही. ही कामं बिचारी थांबतात, म्हणून कायम शेवटी उभी असतात. आणि आपण त्या थांबण्याला आळस म्हणतो.

आता आकडे बघू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं. हा आकडा पुष्कळांना माहीत असेल. त्याच पाहणीची मोजण्याची रीत मात्र फारसं कुणी वाचत नाही. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यात निदान दहा मिनिटं चाललेलं काम तेवढं लिहून घेतात.

दहा मिनिटं! गोधडीचे धावदोरे कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात पडतात. स्वेटरच्या दोन ओळी रिक्षावाला पोराला सोडून जाईपर्यंत होतात. तोरणाचे चार खांब टीव्हीवरच्या जाहिरातीत विणून होतात. या वेळेची नोंद पाहणीत नाही आणि घरातही नाही. देशभराच्या मोजणीला कुठंतरी रेघ ओढावी लागते, ते मी समजू शकते. घराला तशी काही अडचण नाही. घरानं तरी हे सात मिनिटांचं काम काम म्हणून मोजावं.

आता गोधडीच का अडते, ते सांगते. शिवणं हे एकटीचं काम आहे. अंथरणं एकटीचं नाही. खाली जुनं लुगडं पसरायचं, त्यावर मधले थर, वर पुन्हा धड कापड. चारही टोकं ताणून धरायची, मधला फुगा हातानं काठापर्यंत सारायचा आणि मगच मोठे टाचे घालायचे. इथं थर सरकला तर पुढचे शेकडो धावदोरे वाकडे जातात आणि पांघरलं की आत गोळा होतो. सुती लुगडं होतं तेव्हा कापड कापडाला धरून बसायचं. आता कापसाच्या बाजारपेठेत राहून आपण पॉलिस्टरच्या साड्यांची गोधडी शिवतो. ते कापड निसटतं. म्हणजे दुसऱ्या हाताची गरज पूर्वीपेक्षा वाढली आणि दुसरा हात तेवढा घरातून गेला. पूर्वी शेजारची काकू यायची, जाऊ असायची, दुपारी ओसरीवर चौघी बसायच्या. काकू आता फ्लॅटचं दार लावून आत आहे. जाऊ पुण्याला आहे.

मग उरतो कोण? भाऊ, तुम्ही उरता. समोरच्या खुर्चीवर बसलेले.

तुम्हाला सुई धरायची नाही. एक टोक धरायचं आहे, अर्धा तास. तेवढ्यावर ती गोधडी यंदाची होते की पुढच्या वर्षाची, ते ठरतं. बायकोनं विणलेल्या रुमालाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना अभिमान वाटतो तो खराच असतो. पण अभिमानानं टोक ताणून धरलं जात नाही.

दुसरा घाव घालतं ते वाक्य तर त्याहून साधं. "अवो, ते उचलून ठेवजा, पावने येऊन रायले." झालं. टाचलेले थर गुंडाळले गेले, सुई हरवली, दिवाण बंद. पसरलेलं काम पुन्हा पसरायला जेवढा वेळ जातो, तेवढा बहुतेक बायांकडे एकसंध कधीच नसतो. म्हणून काम पुरं व्हायला वेळेच्याही आधी जागा लागते, जिथून ते कुणी उचलणार नाही. खोलीचा एक कोपरा, एक पाट, एक खाट. पाहुण्यांना अर्धी गोधडी दिसली तर दिसू द्या. वऱ्हाडातल्या पाहुण्यानं ती काही पहिल्यांदा पाहिलेली नसते. तोही बसल्या बसल्या एक टोक धरेल.

घराच्या डागडुजीची कथा थोडी वेगळी आहे. तिथं पुरुषांनाही बोल लागतो, आणि पुष्कळदा उगाच लागतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग दर वर्षी भरायची आणि दर वर्षी ती उघडायची. "नीट भरली नसंल." नीटच भरली होती हो. आपलं गाव काळ्या मातीवर बसलंय. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं घर तिच्यासोबत हलतं. मे महिन्यात फाकलेली भेग ऑगस्टात मिटत येते. तिच्यात कडक सिमेंट कोंबलं की पुढच्या वर्षी शेजारीच दुसरी भेग निघते. इथं काम भिंतीत नाही, भिंतीच्या पायाशी आहे. घराभोवती उतार देऊन फरशी करा, छपराचं पाणी भिंतीजवळ मुरू देऊ नका, भिंतीला खेटून मोठं झाड लावू नका. मग भेग भरा, आणि लवचीक मसाल्यानं भरा. पायापाशी ओल आणि कोरड सारखी राहिली की भिंत बरीच शांत होते.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. आपल्याकडे बांधकामाचं किरकोळ काम निघतं ते मे महिन्यात, कारण पोरांना सुट्ट्या असतात. पारा ४५ च्या वर, नळाचा दिवस ठरलेला, आणि त्यात प्लास्टर! उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीटला किमान दहा दिवस ओलं ठेवावं, असं भारतीय मानकच सांगतं. प्लास्टरही असंच ओलं ठेवावं लागतं. काटेपूर्णा धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या घरानं तेवढं पाणी आणायचं कुठून? मग प्लास्टरला केसासारख्या चिरा पडतात, मिस्त्रीला शिव्या बसतात आणि काम पुन्हा "पुढच्या सुट्टीत" जातं. रंगाचंही तेच. दिवाळीच्या आधी द्यायचा म्हणून पावसानं ओल्या असलेल्या भिंतीवर रंग चढतो आणि संक्रांतीपर्यंत पोपडे धरतो. अकोल्यात भिंतीच्या कामाला खरे महिने दिवाळीनंतरचे. भिंत वाळलेली, हवा थंड, पाण्याची ओढ नाही. पण त्या दिवसांत मागं लागणारा सण नाही, म्हणून कुणी काम काढत नाही. भिंतीचं वेळापत्रक भिंतीला विचारून ठरवा, शाळेला विचारून नको.

आणि तारखेवर काम पुरं करणं या गावाला जमत नाही, असं कृपा करून म्हणू नका. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची कावड यात्रा आठवा. गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी सुमारे १८ किलोमीटर खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालतात. त्याआधी कितीतरी दिवस गल्लीगल्लीत मंडळांची पोरं पालख्या बांधत असतात, पाण्याचे भरणे लावत असतात, रात्र रात्र जागत असतात. त्यातली कुठली पालखी अर्धी सजवून मंडपात पडून राहिली, असं झालं नाही. तीच पोरं, तेच हात. फरक इतकाच की तिथं तारीख सगळ्या गावाला माहीत असते आणि बांधताना शेजारी दहा जण असतात. घरातल्या कूलरच्या चौथ्या पायाजवळ कुणीच नसतं.

तर घरातल्या कामालाही तारीख लावा, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर घाला. गोधडीला मृगाची तारीख द्या. पहिल्या पावसानंतरच्या गार रात्री ती अंगावर हवीच असते. बाळाच्या दुपट्याला तर डोहाळजेवणाची तारीख असतेच, आणि म्हणून बघा, दुपटी सहसा राहत नाहीत. स्टँडच्या रंगाला होळीची तारीख द्या, कारण होळीनंतर कूलर खाली उतरतोच. एका वेळी एकच काम बाहेर काढा. तीन कामं उघडी असली की तिन्ही एकमेकांवर रुसतात, हे विणणाऱ्या कुठल्याही मावशीला विचारा.

राहिलं ते एका बाहीचं स्वेटर. ज्याच्यासाठी घातलं होतं तो मुलगा आता कॉलेजात जातो. ते पुरं करू नका. दिवाण उघडला की ते नजरेस पडतं आणि त्याच्याकडे बघून बाकीच्या कामांचाही धीर सुटतो. उसवा. उसवणं हेही ते काम संपवणंच आहे, आणि त्याची परवानगी कुणाला मागायची नसते. आधी शिवण सोडवा, मग बंद केलेल्या टोकाकडून धागा ओढा. उसवलेली लोकर कुरळी निघते. तिचा लगेच गुंडा करू नका, गुंड्यात ती वळणं तशीच राहतात. कुणाला तरी समोर बसवून दोन हात पुढे करायला लावा आणि त्यांवर लडी घ्या. लडी चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा, पिळू नका. सावलीत टांगा आणि खालच्या टोकाला हलकं वजन अडकवा. लोकर सरळ होते. एवढ्या लोकरीत एखाद्या लहान पोराची टोपी आणि मोजे सहज बसतात, आणि ते थंडीच्या आत होतात.