वेल्क्रोतलं कुसळ

अंटार्क्टिकाला जाऊन आलेलं एखादं तरी माणूस आता प्रत्येक सोसायटीत सापडतं. त्यांना काहीही विचारा, पेंग्विन कसे होते, थंडी किती होती; दोन मिनिटांत गाडी बुटांवर येते.

आमचे नाना तर बुटांची गोष्ट उभं राहून सांगतात. जहाजावर सगळ्यांना एका दालनात बोलावतात. जॅकेट, पँट, पाठपिशवी, सगळं घेऊन यायचं. खिसे उलटे करून त्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा. वेल्क्रोत अडकलेलं गवताचं कुसळ चिमट्यानं काढायचं. बुटाच्या तळाच्या खाचांतली माती टोकदार काडीनं कोरायची. मग सही करायची की माझ्याबरोबर परकं बी, माती, किडा काहीही नाही. पुढे दर वेळी किनाऱ्यावर उतरताना आणि परतताना बूट जंतुनाशकात बुडवायचे ते वेगळेच. नानांच्या वेल्क्रोत एक कुसळ निघालं. बहुधा पर्वतीवरचं. तपासणाऱ्या बाईंनी ते उजेडात धरलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणतात. आपल्या हातून एका खंडाचा नाश होता होता वाचला!

नियम चुकीचे नाहीत. बाहेरचं गवत तिथं रुजल्याची उदाहरणं आहेत. पेंग्विनपासून 5 मीटर लांब राहायचं, त्याच्या वाटेत यायचं नाही, एका ठिकाणी एका वेळी 100 हून जास्त पर्यटक उतरवायचे नाहीत, एक खडासुद्धा खिशात टाकायचा नाही. यातली निम्मी शिस्त आपण आपल्या एका किल्ल्यावर पाळली असती, तर बुरुजांवर बदाम कोरलेले दिसले नसते. असो.

त्या फॉर्मवर फक्त एक रकाना नाही: तुम्ही इथवर आलात कसे?

मुंबईहून ब्युनोस आयर्स, तिथून उशुआया, मग ड्रेक पॅसेजमधून दोन दिवस पोट धरून जहाजानं. विमानाचं अंतरच जाऊन-येऊन तीस हजार किलोमीटरच्या वर. विमानांचा धूर वेल्क्रोत अडकत नाही. जहाजांचा धूर तरी तिथल्या तिथं बसतो. काजळी हिमावर पडते, काळवंडलेलं हिम ऊन जास्त शोषतं आणि लवकर वितळतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा हिशेब आहे: 2016 ते 2020 या काळात तिथं गेलेल्या प्रत्येक पर्यटकामागे सुमारे 83 टन हिम लवकर वितळलं.

खडा उचलायला बंदी. 83 टन चालतात.

दहा टनी ट्रक धरला तर माणशी आठ ट्रक भरून वर थोडं उरतं. नाना-नानी मिळून साडेसोळा ट्रक. हे ट्रक आमच्या सोसायटीत आणून उभे करायचे ठरले, तर सेक्रेटरी सांगतील, व्हिजिटर पार्किंगमध्ये दोनच, बाकीचे रस्त्यावर. वॉचमन वहीत लिहील, ‘कोणाकडे: नाना. कशासाठी: बर्फ.’ पहिल्या मजल्यावरचे काका स्कूटरवर पाणी गळतं म्हणून लेखी तक्रार देतील. कोणीतरी लगेच ठराव मांडेल की वितळलेलं पाणी टाकीत सोडावं, टँकरचे पैसे वाचतील. त्यातलं पाणी भाडेकरूंना द्यायचं की नाही यावर खडाजंगी होऊन सभा तहकूब होईल, तोवर निम्मं हिम गटारात. आणि नाना गॅलरीतून ओरडतील, “अरे, ट्रकची चाकं धुतलीत का?”

हे झालं वरचं. खाली वेगळंच चाललंय. माणसानं अडकवून ठेवलेल्या जादा उष्णतेतली 90 टक्क्यांहून अधिक समुद्रानं गिळली आहे. नाना उतरले त्या किनाऱ्यापासून बरीच लांब, पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्स नावाची हिमनदी आहे. तिचा समुद्रात तरंगणारा भाग खालून पाणी पोखरतंय. पाणी गरम म्हणजे तरी किती? शून्याच्या वर एखादा अंश. तेवढं पुरतं.

अरबी समुद्रही तापलाय, आणि तापलेल्या पाण्यावर वादळं पोसतात. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणात श्रीवर्धनकडे आलं आणि सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावल्यावर फळ यायला पाच-सात वर्षं जातात. वाडीवाल्यानं कुठलं विमान पकडलं होतं? कुठल्या जहाजावर चढला होता? पण भरपाई द्यायची तर प्रश्न विचारायचे ते त्यालाच. झाडं किती पडली, क्षेत्र किती गुंठे, सातबारा कोणाच्या नावावर, भावांची संमती आहे का, मुंबईचा भाऊ सहीला कधी येणार. त्याच्या पडलेल्या झाडाला कागद लागतो, नानांच्या 83 टनांना लागत नाही. याला शिस्त म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी म्हणणार नाही.

सफर संपताना नानांना सांगितलं, तुम्ही आता अंटार्क्टिकाचे दूत! दूतांनी आल्याआल्या सोसायटीत स्लाइड शो केला आणि वीज वाचवायला जिन्यातले दिवे रात्री दहानंतर बंद करायला लावले. येत्या जूनमध्ये ते आर्क्टिकला निघालेत. तिथला बर्फ आहे तोवर पाहून घ्यायचा आहे. सगळेच ‘आहे तोवर’ म्हणून निघाल्यामुळे केबिनचे भाव फार चढलेत, एवढीच त्यांची तक्रार आहे.