गडग्यावरून झिंगन

"काय गो, वृंदावन रंगवून झालं?"

फातोर्ड्यात आमचं घर आणि काकींचं घर यांच्यामध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे. 2025 च्या तुळशीच्या लग्नाचे आवळे द्यायला म्हणून काकी आल्या आणि कोपर टेकून अर्धा तास उभ्या राहिल्या.

"झालं की. पण काकी, तुमच्याकडे परवा रात्री आरडाओरडा कसला चालला होता ओ?"

"कसला म्हणजे? आमचा मुलगा आणि नातू. 14 ऑक्टोबरपासून त्यांचं तेच चाललंय. सिंगापूरची फुटबॉल टीम आपल्या दारात, फातोर्ड्यात येऊन भारताला 2-1 हरवून गेली ना? बाप म्हणतो, बचावातल्या स्टॉपरमुळे, झिंगनमुळे हरलो. पोरगा म्हणतो, झिंगन नव्हता म्हणून हरलो."

"दोघांचंही खरंच आहे की!"

"तूच बघ आता. 9 तारखेला तिकडे सिंगापुरात हाफटाइम होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, तोवर दुसरं पिवळं कार्ड घेऊन हा बाहेर. बाकीच्या दहा जणांनी शेवटपर्यंत किल्ला लढवला, त्या रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारून 1-1 केलं. पण लाल कार्ड म्हणजे पुढच्या मॅचला बंदी. आणि पुढची मॅच कुठे, तर याच्याच क्लबच्या, एफसी गोवाच्या मैदानावर! आपल्या छांगतेने आधी गोल मारला तेव्हा आमच्या वाड्यावर फटाके वाजले. मग त्यांच्या सोंग उई-यंगने दोन मारले. गेला 2027 चा आशिया कप."

"काकी, पण त्याच्या गालाचं हाड महिन्याभरापूर्वीच मोडलं होतं हो. ऑगस्टच्या शेवटी ताजिकिस्तानात जाऊन त्यांनाच 2-1 हरवलं, त्यात एक गोल याचा. तीन दिवसांनी इराणशी मॅच, त्यात गालाचं हाड मोडून घेतलं. तरी ऑक्टोबरात पुन्हा उभा. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर असला गडी असता तर पेठेने डोक्यावर घेतला असता."

"तुमच्या पेठा डोक्यावरही घेतात आणि हरला की खालीही आदळतात, ठाऊक आहे मला." काकींनी एक आवळा पदराला पुसून माझ्याकडे दिला. "आणि दुखापत त्याला नवीन का? मोज हवं तर. 2019 ला गुडघा. 2021 ला क्रोएशियात. 2024 च्या जानेवारीत कतारला आशिया कपात सीरियाविरुद्ध पुन्हा गुडघा."

"क्रोएशियाचं तर वाईटच वाटलं होतं. शिबेनिक नावाचा क्लब, त्यांच्या पहिल्या दर्जाच्या लीगमधला. इथला सगळा जम सोडून गेला, आणि मैदानावर उतरायच्या आधीच दुखापत. एकही मॅच न खेळता जानेवारीत परत कोलकात्याच्या क्लबात."

"हौस, गो हौस! बाहेर खेळायचं म्हणून गेला, त्यात काय वाईट? आपल्याकडचे किती जण जातात? मी त्यासाठी बोल नाही लावणार. बोल लावते ते परत आल्यावर जे तोंड उघडलं त्याच्यासाठी."

मी इकडेतिकडे पाहिलं. काकींचा आवाज चढला की कोपऱ्यावरच्या पोदेरालाही ऐकू जातो.

"2022 चा फेब्रुवारी. करोनामुळे सगळी लीग आपल्या गोव्यातच चाललेली. केरळा ब्लास्टर्सशी 2-2 झाली आणि मैदानातून आत येताना म्हणतो काय, तर बायकांबरोबर मॅच खेळून आलो, अशा अर्थाचं! कॅमेऱ्यात सापडलं. मग माफी मागितली."

"मागितली ना पण? आणि ते केरळवाले केवढे भडकले. त्यांच्याकडे सहा वर्षं होता तो, 2014 पासून. गेला तेव्हा क्लबने 21 नंबरची जर्सी त्याच्या मानासाठी बाजूला काढून ठेवली होती. तेच चाहते म्हणायला लागले, ती जर्सी परत वापरात आणा."

"आणतील नाहीतर काय! आणि देवाचा न्याय बघ. ज्या बायकांवरून बोलला, त्या बायका यंदा जुलैत थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 हरवून आशिया कपाला निघाल्या, 2026 ला ऑस्ट्रेलियात. आणि हे पुरुष घरी बसले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी विषय मागे नेला. "पण काकी, तो मुळात चंदिगडचा. युनायटेड सिक्कीममधून सुरुवात. आयएसएल सुरू झाली तेव्हा ती जेमतेम तीन महिन्यांची असायची, उरलेलं वर्ष आयलीग. त्यामुळे केरळवाल्यांनी याला दरवर्षी उसना दिला. 2015 ला इथे स्पोर्टिंग गोव्याकडे, 2016 ला आमच्या पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सकडे, 2017 ला बेंगळुरूला. दर सहा महिन्यांनी नवा कोच, नवा जोडीदार. स्टॉपरला ते किती अवघड! फॉरवर्ड एकटा पळून गोल करू शकतो. स्टॉपरने पुढे कधी सरकायचं, मागे कधी राहायचं, हे शेजारच्या स्टॉपरच्या नजरेवर ठरतं."

"ते मला सांगू नकोस. महेश गवळीला मी धेंपो क्लबात स्टॉपर खेळताना बघितलाय. आणि झिंगनला खरा जोडीदार मिळाला तो आमचा अदिल खान."

"म्हणजे 2019 च्या सप्टेंबरची दोहाची मॅच!"

"तीच. कतार नुकतंच आशियाचा चॅम्पियन झालेलं, आपला छेत्री तापाने आजारी. आमचे हे टीव्हीसमोर बसून रुद्राक्षाची माळ ओढत होते. बॉल आला की अदिलचं डोकं, नाहीतर झिंगनचा पाय, आणि दोघांना चुकवून गेलाच तर मागे गोलकीपर गुरप्रीत. 0-0! गोल एकही नाही आणि आमच्या घरात पेढे वाटले."

"आणि महिन्याभरात बांगलादेशची मॅच आली, तर हा गुडघा घेऊन बसलेला. गुवाहाटीला सरावाची मॅच, नॉर्थ ईस्ट युनायटेडशी, त्यात लिगामेंट गेलं. कोलकात्यात बांगलादेशने आधी गोल केला, शेवटी 88 व्या मिनिटाला तुमच्या अदिलनेच डोक्याने बरोबरी करून दिली म्हणून अब्रू राहिली. दोन गुण मात्र गेलेच. तसंच 2024 च्या जूनमध्ये. छेत्रीची तेव्हाची निरोपाची मॅच, कुवेत, 0-0. मग कतारशी हरलो आणि वर्ल्ड कपची वाट बंद. तेव्हाही हा दुखापतीने घरी. आता तिसऱ्यांदा फातोर्ड्यात. म्हणून तुमचा नातू म्हणतो ते मला पटतं. ज्या ज्या दिवशी हा नव्हता ते दिवस मांडून बघा, म्हणजे याची किंमत कळेल."

"आणि होता ते दिवस कोण मांडणार? 2024 च्या आशिया कपात होता की तो. ऑस्ट्रेलिया 2-0, उझबेकिस्तान 3-0. लीगच्या फायनली बघ. 2014 ला त्याचे केरळवाले नव्या मुंबईत अगदी शेवटच्या क्षणी गोल खाऊन हरले, 2016 ला कोचीत पेनल्टीवर हरले, 2023 ला इथे फातोर्ड्यात हा बेंगळुरूकडून खेळताना पुन्हा पेनल्टीवर. तेही कोणाकडून, तर आदल्या वर्षी सोडलेल्या कोलकात्याच्या क्लबकडून!"

"काकी, पेनल्टीला स्टॉपर काय करणार? आणि यंदा मे महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप एफसी गोवानेच आणला ना, जमशेदपूरला 3-0 हरवून? फायनलला एकही गोल खाल्ला नाही. त्याच कपामुळे आशियाचं दार उघडलं, आणि अल नास्रची टीम इथवर आली."

"आली, पण रोनाल्डो कुठे आला? आमच्या नातवाने रात्र जागवून तो बॅनर रंगवला होता. माझी जुनी चादर गेली त्यात." काकी थोडा वेळ त्या चादरीच्या दुःखात गेल्या. मग म्हणाल्या, "हे बघ, हाड मोडलं त्याला इलाज नाही. पण कार्ड हे आपल्या हातातलं."

"कसलं हातातलं? पाय घातला नाही तर गोल, घातला तर कार्ड!"

"तिसरंही आहे गो. आधीच जागेवर जाऊन उभं राहायचं. घसरून पाय घालावा लागला म्हणजे चार पावलं आधीच चुकलेलं असतं."

"जुलैत बत्तीस पूर्ण झाली त्याला. गुडघा दुरुस्त केलेला, गाल दुरुस्त केलेला. सगळीकडे चार पावलं आधी कसा पोचणार?"

"आत्ता कशी बोललीस! मग तो पोचणार नाही हे ठाऊक असून दुसरी जोडी का नाही बसवली? अन्वर अली चांगला आहे, पण स्टॉपर एकट्याने होत नाही. त्याच्या शेजारी कधी हा, कधी तो. झिंगन 2015 पासून भारताकडून खेळतोय. एवढ्या वर्षांत त्याच्या पाठी कोण, याचा विचार कोणी केला नाही. तो असला की त्याच्यावर भार टाकायचा, नसला की कपाळाला हात लावायचा. चूक त्याचीही, पण त्याच्यावर एवढं सोपवणाऱ्यांची जास्त."

"मग हेच जाऊन सांगा की त्या दोघांना. भांडण तरी मिटेल."

"खुळी की काय तू? दोघे बाहेर बल्कांवावर बसून भांडतात तोवर टीव्ही माझा. आठची मालिका पंधरा दिवसांत एकदाही चुकली नाही. सांगू नकोस हां त्यांना काही!"