हवेवर बसलेलं बिऱ्हाड

रेडिंग, इंग्लंड

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमच्या चिरंजीवांची पाठ धरली आहे, पण काळजी नसावी. अख्खा शनिवार ते मोटरहोमच्या खाली उताणे पडले होते, त्याचा हा प्रसाद. बाहेर फक्त दोन पाय दिसत होते आणि मधूनच "सतराचा पाना" अशी आज्ञा येत होती. शेजारच्या आजोबांनी चहाचा कप त्या पायांपाशी ठेवला आणि हवापाण्याच्या गप्पाही पायांशीच मारल्या. या देशात असल्या गोष्टीचं कोणाला काही वाटत नाही.

बाबा, दापोडीच्या एसटी कार्यशाळेत तुमची हयात स्प्रिंगचे पाटे चढवण्या-उतरवण्यात गेली, तेव्हा गाडीचं दुखणं तुम्हाला लगेच कळेल. गाडी फियाट डुकाटो. मूळची ही मालवाहू व्हॅन. तिच्या सांगाड्यावर कारखानदाराने पलंग, शेगडी, फ्रिज आणि संडास असा संसार थाटून दिला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, इथे ते शेपटावर आहे. मागच्या चाकांच्याही मागे दोनेक मीटर घर लोंबतं आणि सामानाचा कप्पा नेमका तिथेच. बारा महिने भरलेली गाडी वाहून पाटे बसले. मागचं अंग खाली, नाक वर. रात्री हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत. मोटरवेवर शेजारून मोठा ट्रक गेला की डब्यातले लाडूसुद्धा कुशीवर वळत. स्कॉटलंडमध्ये ओबानला मल बेटाच्या बोटीत चढताना ओहोटी होती, त्यामुळे उतार जास्तच तिरका. तिथे मागचा बंपर लोखंडावर असा खरवडला की खलाशानेच डोळे मिटले.

यावर उपाय म्हणजे हवेचे फुगे. इकडे त्यांना एअर बॅग म्हणतात. अपघातात तोंडावर फुगते ती वेगळी. जाड रबराचे हे दोन फुगे, मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक, ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसतात. पाटे जागेवरच राहतात, फुगे त्यांना खांदा देतात. कल्पना जुनीच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम हम्फ्रीजने हवेच्या स्प्रिंगचं पेटंट 1901 साली घेतलं होतं. आपली शिवनेरीही हवेवरच चालते, म्हणून तर आईंना तिच्यात झोप लागते आणि लालपरीत लागत नाही.

चिरंजीव सामान मागवायला निघाले तेव्हा तुमच्या सुनेने एकच अट घातली: आधी काटा. गाडी नेहमीसारखी भरून, पाण्याची टाकी काठोकाठ भरून आणि दोघं आत बसून वजनकाट्यावर न्यायची. मागच्या ॲक्सलची मर्यादा 2000 किलो, भरले 2060. पुढचा ॲक्सल 1360. एकूण 3420, म्हणजे 3500 च्या आत. चिरंजीव खूश. एकूण आत आहे ना, मग झालं!

झालं कसलं? गाडीवरच्या पाटीवर एकूण वजन आणि प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगवेगळं लिहिलेलं असतं, आणि ते सगळं पाळावं लागतं. वर शेपटाचा हिशेब अजब. पुढच्या-मागच्या चाकांत चार मीटर अंतर आणि मागच्या चाकांमागे दोन मीटरवर रॅक, सायकली आणि घडीच्या खुर्च्या मिळून 60 किलो. तर मागच्या ॲक्सलवर भार पडतो 90 किलो. वरचे 30 किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. डुकाटो ओढते पुढच्या चाकांनी, म्हणून ओल्या गवतावर ती जागच्या जागी चाकं फिरवत बसते आणि बाकीचा कॅम्प खुर्च्या टाकून बघायला बसतो.

फुगे भरल्याने यातलं एक किलोही कमी होत नाही. गाडी उचलली जाते, वजन तेवढंच राहतं. टायर, ब्रेक, बेअरिंग सगळं तेच ओझं वाहतं. गाडीची मान्यता वाढवून घ्यायची म्हटलं, तर 1 जानेवारी 1997 पासून इथे कारची परीक्षा दिलेल्यांना अशा गाडीसाठी 3500 किलोंपर्यंतचंच लायसन्स मिळतं, चिरंजीव त्यातलेच. मग सायकली घरी ठेवल्या आणि आटा, तांदूळ, डाळी मिळून 25 किलोंचं कोठार मागच्या कप्प्यातून गाडीच्या मध्यावर, टेबलाखाली आणलं. पुन्हा काटा: मागे 1990, पुढे 1400. त्यानंतरच सुनेने फुग्यांचं पार्सल उघडू दिलं.

बसवण्याचं काम तुम्ही असता तर दुपारच्या जेवणाआधी उरकलं असतं. जॅकवर भरवसा न ठेवता चिरंजीवांनी चासीखाली भक्कम घोड्या लावल्या, हे बरं केलं. रबराचे जुने ठोकळे काढले, ब्रॅकेट कसले, ब्रेकच्या पाइपापासून फुगा लांब राहतो का ते बघितलं. दोन्ही फुग्यांना नळ्या स्वतंत्र हव्यात. एकच नळी जोडली तर वळणावर दबलेल्या फुग्यातली हवा पलीकडच्या फुग्यात पळते आणि गाडी आणखी कलते. नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला, डाव्या बाजूला बुडबुडे आले. नळीचं टोक तिरकं कापलं गेलं होतं. सरळ कापून पुन्हा खोचल्यावर थांबले. जुन्या डुकाटोत मागचा ब्रेक किती लागावा हे ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो गाडीची उंची बघून भाराचा अंदाज घेतो, म्हणून मागचं अंग उचललं की त्याला गाडी रिकामी वाटते आणि ब्रेक कमी लागतो. आमच्या गाडीतला तो मेकॅनिककडून नव्या उंचीला जुळवून घेतला. विमा कंपनीलाही कळवलं.

आता केबिनमध्ये दोन काट्यांचं मीटर आहे आणि चिरंजीव रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतात. हवा जास्त भरली की प्रत्येक खड्ड्याला भांडी वाजतात, आणि अगदीच कमी ठेवली तर रबराला घडी पडून ते घासतं. गाडी मात्र सरळ उभी राहते. जोरात वारा आला तर हलते, लोळत नाही.

तुम्ही उन्हाळ्यात येणार, तेव्हा स्कॉटलंडचा बेत आहे. गाडीत एकूण 110 किलो शिल्लक आहेत. टाकी रिकामी ठेवून निघालो तर आणखी 100. तरी दोघांनी आपापली वजनं उलट टपाली कळवावीत. आई, रागावू नका, लोणच्याच्या बरण्यांचं वजन वेगळं लिहा.

तुमची,
सौ. सूनबाई