कुलमुखत्यार

सीना नदीवरचा पूल ओलांडून नगर-मनमाड रस्त्याने नागापुरात शिरणाऱ्या मनुष्याच्या नजरेत प्रथम भरते ती औद्योगिक वसाहत. परंतु त्याच वसाहतीत उमेदीची वर्षे वेचून सेवानिवृत्त झालेल्या आणि, विश्रांतीचा योग पत्रिकेतच नसल्यामुळे, परदेशस्थ चिरंजिवांच्या ऑनलाइन दुकानाचे कुलमुखत्यार म्हणून पुनश्च कामावर रुजू झालेल्या गृहस्थांचा जो एक वर्ग अलीकडे तेथील ओट्यांवर दिसू लागला आहे, त्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही.

चिरंजीव न्यू जर्सीत असतात. मसाले, पापड आणि कुरडया विकणारे आपले दुकान जगाच्या पाठीवर कोठूनही चालवता येते, असे ते तेथील मित्रमंडळींत अभिमानाने सांगतात. आणि ते खोटेही नाही, कारण ते नागापुरातून चालते. नोकरीनिमित्त देश सोडताच 1999 च्या विदेशी चलन कायद्यान्वये ते अनिवासी ठरले, त्यांच्या साध्या खात्याचे ‘एनआरओ’ खाते झाले, पैसे वसूल करून देणाऱ्या कंपनीने सारी कागदपत्रे नव्याने मागितली, आणि 27 या आकड्याने आरंभ होणारा जीएसटीचा पंधरा अक्षरी क्रमांक तीर्थरूपांच्या घराच्या वीजबिलाला लटकून राहिला. मग वकिलातीच्या शिक्क्यानिशी कुलमुखत्यारपत्र आले. परदेशात केलेल्या दस्तावर तो भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो, हे वकिलाच्याही आधी कुलमुखत्यारांनीच त्यास सांगितले, तेव्हाच ही असामी साधी नव्हे, हे वकिलाने ओळखले.

त्यांची खरी विद्वत्ता प्रकटते ती हिशेबात. गिऱ्हाइकाने कार्डाने हजार रुपये भरले असता दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खात्यात 976 रुपये 40 पैसे जमा होतात, हे प्रथम ध्यानात आले तेव्हा त्यांनी अन्न गोड लागू दिले नाही. स्वतःस नव्हे, घरातील इतर मंडळींस. शेकडा दोन म्हणजे वीस रुपये कंपनीची दलाली आणि त्या दलालीवर शेकडा अठराप्रमाणे 3 रुपये 60 पैसे कर, असा उलगडा चिरंजिवांनी केला खरा, तथापि दलालीवर कर दलालाने भरावा की धन्याने, या मूलभूत प्रश्नाचा निकाल त्यांच्या मते अद्याप लागलेला नाही. त्यातून रक्कम येते ती दिवसभराच्या विक्रीची एकत्र मोट बांधून. ती मोट सोडवून प्रत्येक पुडक्याशी रुजवात घालणे, परत आलेल्या पापडांचा परतावा वजा करणे, आणि ‘माल मिळालाच नाही’ अशी तक्रार बँकेकडे गुदरणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध पोचपावती मुदतीच्या आत सादर करणे, हे सारे कीर्द-खतावणीच्या वहीत शाईने चालते. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयवरील व्यापारी-शुल्क शून्यावर आले, हे कळल्यापासून तर कार्डाने पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते किंचित चारित्र्यहीन मनुष्य म्हणून पाहतात.

हुंडीचे शास्त्र त्यांना ऐकून ठाऊक आहे, आणि त्यांचे याबाबतचे मत मला निरुत्तर करते. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या इसमासच मिळत. तो शहा कोण, हे सारी पेठ जाणत असे, त्यासाठी त्याला आजच्या खातेदारासारखा दर दोन वर्षांनी आपला फोटो धाडावा लागत नसे.

परंतु त्यांच्या सत्तेचे अधिष्ठान वहीत नसून चिरंजिवांच्या त्या जुन्या सिमकार्डात आहे, जे बंद पडू नये म्हणून वडील विम्याच्या हप्त्याइतक्या निष्ठेने रिचार्ज करतात. खात्यातील पान हलायचे तरी ओटीपी नागापुरात येतो. आता त्या संदेशातच ‘हा क्रमांक कोणासही सांगू नका’ अशी स्पष्ट आज्ञा असल्यामुळे, आणि कारखान्यात जन्मभर फलकावरील सूचना पाळण्याची सवय असल्यामुळे, ते पोटच्या पोरासही खातरजमा केल्यावाचून तो देत नाहीत.

“बाबा, लवकर सांगा, मुदत संपतेय!”

“आधी तू सांग, तुझ्या आजीचं माहेर कोणतं?”

न्यू जर्सीतील मध्यरात्री, झोपेने जड झालेल्या जिभेने आजीचे माहेर आठवणाऱ्या त्या उद्योजकाची मला दया येते. पण नियम म्हणजे नियम.

गेल्या दिवाळीत चिरंजीव घरी आले, ते फराळापेक्षा बँकेच्या पडताळणीसाठी. दूरदृश्य पडताळणीच्या वेळी ग्राहक प्रत्यक्ष भारतात असलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक असल्याने परदेशातून ते जमत नव्हते. पडद्यावर प्रकटलेल्या अधिकाऱ्याने खोलीतील इतरेजनांस बाहेर जाण्यास फर्मावले. कुलमुखत्यार आज्ञाधारकपणे उठले आणि खिशातील फोनसह कोथिंबीर आणावयास गेले. ओटीपी आला, मंडईत वाजला आणि मुदत संपून निवर्तला. दुसऱ्या खेपेस त्यांना खास परवानगीने आत घेण्यात आले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून प्रथम अधिकाऱ्यासच आपले ओळखपत्र पडद्याजवळ धरावयास लावले, त्यावरील नाव वहीत उतरवून घेतले, आणि पुढे लिहिले : “इसम बँकेचाच. खात्री पटली. क्रमांक दिला.”