राजधानीची मोजदाद

छत्रपती संभाजीनगर ही राज्याची पर्यटन राजधानी, याचा भक्कम पुरावा तिकीटखिडकीवर मिळतो. जालन्याचं जोडपं सकाळी देवगिरी किल्ला, दुपारी वेरूळ आणि संध्याकाळी बीबी का मकबरा पाहून रात्री घरी जेवायला जातं : पर्यटक ६. सोबतची दोन पोरं १५ वर्षांखालची, त्यांना तिकीट माफ. सबब ती आलीच नाहीत. पद्धत उत्तमच. फक्त वेरूळच्या ३४ लेण्यांना ३४ खिडक्या हव्यात, म्हणजे एका जागी जोडप्याचे ६८ होतील आणि लॉजची एकही खोली वाढवावी लागणार नाही.

राहता राहिलं पर्यटकांचं समाधान. त्याचं सर्वेक्षण मंगळवारी, वेरूळच्या बंद फाटकावर घ्यावं. त्या दिवशी गर्दी, कचरा, गाइड, कशाचीच तक्रार नसते. "पुन्हा याल का?" विचारल्यावर पाहुणा ओरडेल, "आधी आत तर सोडा!" नोंद करावी : येण्यास अत्यंत उत्सुक.