शेकोटीत गेलेली शिल्लक

डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात मुळशीतल्या कोळवण खोऱ्यात दोन प्रकारची माणसं दिसतात: भात झोडून मोकळी झालेली आणि सरतं वर्ष झोडायला आलेली. पहिल्यांबद्दल कुणी लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे कार्यक्रमपत्रिका नसते. दुसरी माणसं, म्हणजे शहरातल्या ऑफिसांची मंडळी, पुण्याच्या चांदणी चौकातून पिरंगुट, पौड करत, वळणावळणाला मोबाइलची रेंज शोधत इथल्या रिसॉर्टवर येतात. सकाळी ध्यान, मग पोहे, मग गोल बसून ‘गेल्या वर्षानं मला काय दिलं’, मग जेवण, मग जेवणावरची डुलकी आवरत ‘पुढच्या वर्षीचा मी’, आणि रात्री मुख्य सोहळा. प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला जातो. वर्षभरात जे जमलं नाही, राहून गेलं, नकोसं झालं, ते त्यावर लिहायचं, घडी घालायची, डोळे मिटायचे आणि घडी शेकोटीत टाकायची. याला ‘लेट गो’ म्हणतात. वर्षाचा हिशेब पुरा झाला, आता बार्बेक्यू.

बाकी सगळं सोडून देता येईल, हा कागद सोडवत नाही. तो वहीतून टरकावलेला साधा कागद नसतो. जाडसर हातकागद, त्यात झेंडूच्या पाकळ्या दाबलेल्या, कडा मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या. म्हणजे जाळण्यासाठी निवडून, दर ठरवून, पावती घेऊन आणलेला. अशा कागदाची अडचण एकच, तो जळत नाही. डिसेंबरात खोऱ्यात दिवस मावळला की दव उतरतं, सरपण सादळतं, कागद कडेनं काळा पडतो आणि मधला मजकूर ठणठणीत राहतो. डोळे मिटलेली मंडळी एक डोळा उघडून पाहू लागतात. मग आतून भटारखान्यातलं पोरगं येतं, तळणाचं उरलेलं तेल ओततं, आणि वर्षभराची खंत कांदाभज्यांच्या वासासकट वर जाते. त्याआधी अर्थात प्रत्येक कागदाचा फोटो निघालेला असतो. जे कायमचं सोडून द्यायचं ते स्टेटसवर चोवीस तास आणि क्लाउडवर अनंतकाळ. सकाळी अंगण झाडणाऱ्या बाईंना राखेत ‘वजन’, ‘पहाटे उठ’, ‘आईला फोन’ असे तुकडे मिळतात. ऑफिसातल्या एका अख्ख्या विभागाच्या वर्षाचा लेखाजोखा वाचायचा मान कुणाला मिळत असेल तर तो त्यांना. त्यांना मात्र गोलात कुणी बसवलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हिशेब करायचा तर जुना कागद लागतो. ज्या मातीत ही शेकोटी पेटते तिथल्या कुठल्याही दप्तरात हे लिहिलेलं सापडेल. रोकडवहीची पहिली ओळ असते आरंभीची शिल्लक. ती न लिहिता नवं वर्ष सुरू करणाऱ्याला लेखापरीक्षक घरी पाठवतो. ग्रामसभेचा पहिला विषय असतो मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च आणि कारभाराचा अहवाल ठेवावाच लागतो, असा कायदाच आहे. आणि खरिपाची पैसेवारी? पिकाचे नमुन्याचे तुकडे आखून घ्यायचे, ते कापायचे, झोडायचे, वजन करायचं आणि त्यावरून अख्ख्या गावाचं वर्ष पैशात मोजायचं. पन्नास पैशांच्या आत आलं तर टंचाईच्या सवलती, वर गेलं तर आपलं आपण बघा. ही पद्धत निर्दोष आहे असं कुठलाच शेतकरी म्हणणार नाही, वाद तर दरसाल होतात. पण वाद आकड्यावर होतो. गेल्या हंगामाची नकारात्मक ऊर्जा आपण सोडून देऊ या, असं अजून कुठल्या तहसीलदारानं म्हटलेलं नाही. ‘पुढच्या वर्षीचा मी’ला एकदा पैसेवारी लावून बघावी. रोज पहाटे पाचला उठण्याचा संकल्प, प्रत्यक्ष उठणं नऊ जानेवारीपर्यंत: 365 पैकी नऊ, म्हणजे जेमतेम अडीच पैसे. एवढा कोरडा दुष्काळ राज्यात कुठं पडला नसेल. तो जाहीर होत नाही, कारण पंचनाम्याचा कागद आदल्या रात्रीच भजी तळलेल्या तेलात भिजवून जाळलेला असतो.

जाळण्याचा फायदा कुणाला, हे बघितलं की सगळा उलगडा होतो. त्यासाठी आधी गावच्या सोसायटीचं पीककर्ज बघा. त्याला 31 मार्चची मुदत असते. तोवर भरलं तर व्याजाची सवलत, म्हणून माणूस हातउसने घेऊन, सोनं गहाण टाकून ते भरतो, एप्रिलात नवं कर्ज उचलतो आणि उसने पैसे परत करतो. याला नवं-जुनं करणं म्हणतात. कर्ज तेच, तारीख नवी. शहरातले अर्थतज्ज्ञ याला बेशिस्त म्हणतात. मग वर्षानुवर्षं तेच वजन, तेच न वाचलेलं पुस्तक, तीच पहाट, तोच घरच्यांसाठी वेळ, नव्या तारखेनं उचलणं याला काय म्हणायचं? हेही नवं-जुनंच. फरक असा की सोसायटीत नवं-जुनं करणाऱ्याला मुद्दल पाठ असतं, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याला झोप नसते. शेकोटीवाल्याला मुद्दलच आठवत नाही. ते आठवू नये म्हणून तर एवढा खर्च. गेल्या डिसेंबरचा कागद समोर असता तर यंदाचा संकल्प लिहिताना हात थरथरला असता. कागद नाही, त्यामुळे तोच संकल्प कोरा करकरीत वाटतो आणि टाळ्या पडतात.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाचा येईल. राग कागदावर लिहून कागद नष्ट केला तर राग निवळतो, असा प्रयोग जपानी संशोधकांनी 2024 साली प्रसिद्ध केला आहे. मान्य. ज्यांनी कागद जपून ठेवला त्यांचा राग तितका उतरला नाही, हेही त्याच प्रयोगात दिसलं. तोच तर माझा मुद्दा! अपमान, भांडण, साहेबाची खवचट मेल, हे खुशाल जाळा. पण न पाळलेल्या शब्दाबद्दल स्वतःचा जो राग येतो तो निवळायला कशाला हवा? त्याच्याएवढं भांडवल नव्या वर्षाला दुसरं कोणतं? आणि हीच मंडळी हिशेबाला कच्ची आहेत असंही नाही. मार्चअखेरीला मूल्यमापन होतं तेव्हा गेल्या एप्रिलात लिहून दिलेली उद्दिष्टं ओळीओळीनं काढली जातात, गुण पडतात, त्यावर पगारवाढ ठरते. तो तक्ता शेकोटीत टाकून ‘लेट गो’ म्हणायची कुणाची छाती आहे? गृहकर्जाचं वेळापत्रक जाळून बघा, हप्ता जातो की नाही ते पाच तारखेला कळेल. जिथं पैसा आहे तिथं जुना कागद कपाटात. जिथं फक्त आपली जबान होती तिथं तो शेकोटीत.

दुसरा आक्षेप असा, की यातून गावाला रोजगार मिळतो, तुमच्या पोटात का दुखतं? रोजगार मिळतो, हे खरं. भटारखान्यातल्या त्या पोराला पगार मिळतो. पण तो ज्या हिरवळीवरून ताटं उचलतो ती कालपरवापर्यंत भाताची खाचरं होती. बांध मोडले, भराव टाकला, गुंठ्यानं विकली, वर लॉन अंथरलं, आणि त्या लॉनला ऐन डिसेंबरात सकाळ-संध्याकाळ कारंज्यानं पाणी. पावसाळ्यात छत्री टिकत नाही अशा या मुळशीत चैत्र-वैशाखात वाड्यावस्त्यांवरच्या बायका हंडे घेऊन चालतात. त्या लॉनवर मांडी घालून कागदावर लिहायचं काय, तर ‘यंदा निसर्गाशी जोडून घ्यायचं’! डोंगर फोडून गाड्या लावायची सपाटी केली, त्या सपाटीवर गाडी लावली, उतरून निसर्गाशी जोडून घेतलं, निघताना पाण्याच्या बाटल्यांचं पोतं ओढ्याच्या कडेला ठेवलं. या खोऱ्यात आग लावायची रीत जुनीच आहे. उन्हाळ्यात दाढ भाजतात: पालापाचोळा, शेणी, झाडांची कवळं थरावर थर रचून, वरून माती दाबून, वाऱ्याची दिशा बघून पेटवतात. तणाचं बी जळतं, राखेवर भाताचं रोप जोमानं उठतं, आणि जुलैत ते कमी पडलं की अख्ख्या आळीला कळतं. त्या आगीत काय टाकलं आणि त्यातून काय निघालं, दोन्ही सांगता येतं. तुमच्या शेकोटीतून जे निघतं ते झाडून टाकायला बाई ठेवावी लागते.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. जपून ठेवलेल्या कागदानं तरी गावांचं काय भलं झालं? इतिवृत्तात तोच रस्ता, तीच गटार, तीच पाण्याची टाकी साल दर साल मंजूर होते. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आळशी माणसाच्या संकल्पाचा नियम यापेक्षा वेगळा नसेल. सगळं कबूल. तरी त्या वहीत तारीख असते, सूचक-अनुमोदकाची नावं असतात, आणि एखादी म्हातारी उठून विचारू शकते की ही टाकी गेल्या साली मंजूर केलीत, ती कुठं आहे? तिला उत्तर मिळेलच असं नाही, पण टाकी मंजूर झालीच नव्हती, असं म्हणायची सोय कुणाला उरत नाही. शेकोटीच्या सोहळ्यात असं विचारणारं माणूसच नाही. गोलात बसलेले सगळे सूचक, सगळे अनुमोदक, आणि वही बेपत्ता.

तेव्हा कोळवणला जरूर या. थंडी चांगली असते, इंद्रायणीचा नवा तांदूळ निघालेला असतो, तो शेतकऱ्याकडून थेट घ्या आणि घासाघीस करू नका. त्या झेंडूच्या कागदावर लिहायचं तेही लिहा. फक्त वर तारीख टाका, खाली सही करा, आणि तो घरी नेऊन गृहकर्जाच्या फाइलला टाचून ठेवा. पुढच्या डिसेंबरात तीच फाइल घेऊन या.