कलमकाका

आमच्या सावंतवाडीत प्रत्येकाच्या परड्यात आंब्याचं एखादं तरी कलम असतं. कलमकाकांच्या परड्यात एकही नाही. त्यांची सगळी कलमं डोक्यात. कोर्टातली कारकुनी सुटून बारा वर्षं झाली, तरी "कसे आहात?" म्हटलं की अजून गुडघेदुखी पोटकलमांसह सांगतात.

सध्या त्यांच्या काखेतल्या फायलीवर लाल शाईत ‘कॉपीराइट कायदा, १९५७’ असं लिहिलेलं आहे. निमित्त पुतणीच्या लग्नाचं. लग्न गोव्यात. हळदीच्या आदल्या दिवशी हॉलवाला म्हणाला, "गाणी वाजवायची तर परवान्याची पावती दाखवा." काकांनी उभ्या उभ्या कलम ५२, पोटकलम १, खंड ‘झेडए’ म्हणून दाखवलं: धार्मिक विधीत गाणं वाजवणं हा हक्कभंग नव्हे, आणि विधीत लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभही येतात. हॉलवाल्याने अष्टकं ऐकावीत तसं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबर. पावती?"

पैसे भावाने भरले. ठणका काकांना लागला.

पहिला मोर्चा आमदारांकडे. साहेबांना वाटलं, भोंग्याची भानगड. "दहापर्यंत वाजवा काका, पोलिसांना मी सांगतो." "आवाज नव्हे हो, हक्क!" काका ओरडले. "मग तो केंद्राचा विषय," साहेब म्हणाले. आणि खरंच, कॉपीराइट संघसूचीत ४९व्या नोंदीत आहे. आमदार कायद्यात बरोबर निघाला, हे काकांना पावतीहून जास्त लागलं.

खासदारांच्या कार्यालयातून पत्र आलं: निवेदन मिळालं, उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवलं. तेव्हापासून काका पोस्टमनला ‘संबंधित विभाग’ म्हणतात.

त्यांचं मागणं तसं साधं आहे. "लगीन खंय सुरू होता नि खंय संपता, ता कायद्यात लिवा!" साखरपुडा धरायचा की नाही? केळवणाला रेडिओ लावला तर? मेंदी, संगीत, रिसेप्शन? जुलै २०२३ मध्ये केंद्राने जाहीर सूचना काढली, की लग्नातल्या गाण्यांसाठी या खंडाविरुद्ध कुणी पैसे मागू नयेत. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. "म्हणजे बघ," काका बोटं मोडतात, "कायदा केंद्राचा, खुलासा राज्याचा, निकाल कोर्टाचा आणि पावती आमची!"

मी म्हटलं, "पण संसदेला याचं काहीच कसं वाटत नाही?"

"कसं वाटेल? त्याच खंडात सरकारी समारंभांनाही माफी आहे. ह्यांच्या उद्घाटनाला गाणं फुकट. ज्याच्या गादीत ढेकूण नाही, तो खाट उन्हात कशाला टाकील?"

काका कलावंतांच्या विरोधात मात्र नाहीत. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाला संरक्षण मिळालं, तेव्हा त्यांनी राज्यसभेतल्या जावेद अख्तरांना अभिनंदनाचं कार्ड धाडलं होतं. कारण काका स्वतः कवी आहेत. आळीतल्या प्रत्येक लग्नाला मंगलाष्टकं त्यांचीच, फुकट. फक्त खाली बारीक अक्षरात ‘सर्व हक्क स्वाधीन’.

परवा ते लालबुंद होऊन आले. शेजारच्या आळीत कुणी त्यांचीच अष्टकं वधूवरांची नावं बदलून म्हटली होती. ना विचारणं, ना नाव, ना नारळ. काकांनी नोटिशीचा मसुदाही आणला होता. "उघड हक्कभंग! लेखकाच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं कुणी हात लावू शकत नाही."

मी चहा पुढे केला. "काका, अष्टकं म्हटली कुठे?"

"कुठे म्हणजे? बोहल्यावर!"

"म्हणजे धार्मिक विधीत?"

काकांचा कप ओठाशीच थांबला. डोक्यातलं कलम ५२ फुटताना मला दिसलं. बराच वेळ ते परड्याकडे बघत बसले. मग नोटिशीचा कागद उलटा करून त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं:

‘मा. खासदारसाहेब, खंड झेडएमध्ये लग्नाला दिलेली सूट फारच सैल आहे. ती त्वरित आवळावी.’